ताडपत्रीखालची गाडी

आमच्या दुकानात एक गृहस्थ यायचे, त्यांना सगळे 'सातशे' म्हणायचे. त्यांची लाकडाची वखार होती, घरात सुना-नातवंडं होती, चारचौघांत मान होता; पण दारात त्यांची टोपी दिसली की बाबा हातातला पाना खाली ठेवून म्हणायचे, "या सातशे, बसा." कारण दरवर्षी थंडी पडायला लागली की ते एकच भाकीत करायचे: यंदा कंपनी सातशे सीसीचं इंजिन आणणार. दरवर्षी ते खोटं ठरायचं, आणि पुढच्या वर्षी ते तितक्याच ठामपणे पुन्हा करायचे.

बाबांचं दुकान एटीव्हीचं होतं. मोटरसायकलसारखं हँडल, घोड्यावर बसल्यासारखी मांड टाकून बसायची सीट, खाली चार फुगीर टायर, आणि सामान बांधायला पुढे-मागे लोखंडी रॅक. शर्यतीची नव्हे, कामाची गाडी. आमच्याकडे डोंगरउतारावर फळबागा. तिथे ट्रॅक्टर वळत नाही आणि माणसाच्या पाठीला ओझं झेपत नाही, म्हणून मधली सगळी कामं हिच्या गळ्यात. सफरचंदाचे क्रेट उतरवा, औषधाची टाकी वर न्या, वाऱ्याने पडलेलं झाड ओढून बाजूला करा. मी तेव्हा नुकतीच शिक्षण संपवून काउंटरवर बसायला लागले होते. सुट्या भागांचे नंबर मला नातेवाइकांच्या वाढदिवसांपेक्षा चांगले पाठ होते.

हिवाळ्यात बागांना काम कमी. मग दुकानातल्या शेगडीभोवती बैठक जमायची. जुन्या टायरांवर टायर रचून वर पोतं टाकलं की झाली खुर्ची. विषय एकच, पुढच्या वर्षी काय येणार?

बातम्या यायच्या त्याही कशा! कंपनीचा फिरता विक्रेता चहा पिता पिता अर्धं वाक्य बोलून जीभ चावायचा, त्या अर्ध्या वाक्यावर आमचा आठवडा जायचा. कधी सुट्या भागांच्या यादीत एखादा अनोळखी पिस्टन दिसायचा. कधी कुणाच्या मेहुण्याच्या साडूने बंदरावर लांबोडकी खोकी उतरताना पाहिलेली असायची. एवढ्या भांडवलावर ही मंडळी अख्खं इंजिन उभं करायची.

"जोड सिलिंडर येणार," जनावरांचे डॉक्टर सांगायचे. ते बैठकीतले दुसरे. "साडेसहाशे. अशी मऊ चालेल, लोण्यासारखी."

"लोण्यासारखी चालली तर उतारावरून घसरेल," बाबा म्हणायचे. "सिलिंडर एकच राहणार. पाचशे. फार तर मागचे शॉकअप सुधारतील."

सातशे दोघांकडे कीव आल्यासारखं बघायचे. "तुम्ही लोक विचारच लहान करता."

गंमत अशी की सातशेंनी आजवर एकही गाडी घेतली नव्हती. सातशे येऊ दे, मग घेतो, असं म्हणत वखारीतले ओंडके ते अजून माणसांकडूनच ओढून घेत होते.

या बैठकीला कुणी खिजगणतीत धरत नसेल तर ती माझी आत्या. बाबांची थोरली बहीण. आजी-आजोबांचं आजारपण काढता काढता तिचं लग्न राहून गेलं, आणि ते गेल्यावर वरची बाग ती एकटीच सांभाळायची. तिच्याकडे जुनी चारशेची गाडी होती, हजार ठिकाणी जोडलेली. महिन्यातून एकदा सामान न्यायला ती खाली यायची. पन्नाशीला टेकलेल्या, मिशा राखलेल्या माझ्या बापाला ती भर गिऱ्हाइकांत "बाळ" म्हणून हाक मारायची.

"बाळ, तुमचं ठरलं का किती सीसी ते?"

"ताई, थांब जरा. या वर्षी खरंच मोठं काहीतरी येतंय."

"येऊ दे बापडं. मला घोडा नको, गाढव हवं. न कुरकुरता चढणारं आणि न घाबरता उतरणारं." मग ब्रेकच्या तारा पिशवीत टाकून ती निघून जायची.

पण त्या वर्षी खरंच काहीतरी शिजत होतं. कंपनीने जुन्या मॉडेलची जाहिरात बंद केली होती. विक्रेता यायचा तो नुसता हसायचा, बोलायचा नाही. बाबांनी ओळखलं की आता जुन्या गाड्या मागवून ठेवल्या तर नवीन आल्यावर त्या धूळ खात पडतील. म्हणून त्यांनी मागणीच पाठवली नाही. शरद संपता संपता शेवटची गाडी विकली गेली आणि दुकानाचा पुढचा भाग मोकळा झाला. मी रोज रिकाम्या काचेला फडकं मारायचे. मागे शेडमध्ये दुरुस्तीला आलेल्या गाड्या तेवढ्या होत्या, त्याही आतडी बाहेर काढलेल्या अवस्थेत. डॉक्टरांची स्वतःची गाडी त्यातच होती.

अशात एका दुपारी एक मोठा ट्रक ओढून आणला गेला. घाट चढताना त्याची क्लचप्लेट जळाली होती, आणि एवढा ट्रक मावेल असं आवार फक्त आमचं होतं. ड्रायव्हर खाली उतरला. पंचावन्नच्या आसपासचा माणूस, केस पांढरे, बोलणं हळू. त्याने बाबांना बाजूला घेतलं.

"ट्रकमध्ये कंपनीची एक गाडी आहे," तो म्हणाला. "चाचणीची. अजून बाजारात आलेली नाही. ती कुणालाही दाखवायची नाही अशी मला ताकीद आहे. क्लच दुरुस्त करायचा तर वजन उतरवावं लागेल. तुमच्या शेडमध्ये ठेवतो, पण ताडपत्रीला कुणी हात लावायचा नाही."

बाबांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. उपाशी माणसासमोर पंगत मांडावी आणि हात धुऊन नुसतं बसायला सांगावं, तसा. पण त्यांनी शब्द दिला. "माझ्या दुकानात कुणी हात लावणार नाही," ते म्हणाले, आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की तो शब्द मलाही बांधून गेला.

बातमी दडते थोडीच. संध्याकाळच्या आत बैठक हजर. सातशे ताडपत्रीभोवती देवळाला घालावी तशी प्रदक्षिणा घालत होते. हात मागे बांधलेले, मान पुढे.

"रुंदी बघा," ते पुटपुटले. "एवढी रुंदी उगीच ठेवत नाहीत. सातशेच."

"रुंदीवरून इंजिन कळत असतं तर माझी बायको रेल्वे ओढत असती," डॉक्टर म्हणाले, आणि घरी हे सांगू नका म्हणून सगळ्यांना बजावलं. मग त्यांनी बॅगेतून गाई-म्हशींचा स्टेथोस्कोप काढला आणि हात न लावता, नुसती नळी ताडपत्रीला टेकवून डोळे मिटून ऐकलं.

"काय म्हणतंय?" बाबा.

"झोपलंय. पण छाती मोठी आहे."

ड्रायव्हर शेगडीपाशी बसून चहा पीत होता. तिघांनी त्याला आडून-पाडून, गोड बोलून, चिडवून, सगळं करून पाहिलं. पेट्रोल किती पितं? चढावर आवाज जाड येतो की बारीक? तो नुसता हसायचा. "मी ओझं वाहणारा माणूस. काय वाहतो ते विचारायचं नाही, असं शिकलोय."

क्लचप्लेट यायला वेळ लागत होता, म्हणून तो राहिला. रात्री ट्रकच्या केबिनमध्ये झोपायचा, दिवसा बाबांच्या हाताखाली काहीबाही करायचा. हात चांगला होता त्याचा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, घर म्हणजे भाड्याची खोली, आणि तीही वर्षातले कितीतरी दिवस बंदच असते, एवढंच तो स्वतःविषयी बोलला.

त्याच दिवसांत आत्या सामानाला खाली आली. शेडमधल्या झाकलेल्या ढिगाकडे तिने एक नजर टाकली, मग ड्रायव्हरकडे.

"ती तुमची का?"

"कंपनीची."

"इंजिन मला नको सांगायला. एक सांगा, मागचं रॅक किती उंचावर आहे? दिवसभर क्रेट उचलायचे म्हणजे कंबर माझी मोडते, यांची नाही." शेवटचं वाक्य तिने बैठकीकडे हात करून म्हटलं.

ड्रायव्हर तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने हात आपल्या कमरेच्या जरा खाली आडवा धरला.

"बरं आहे," आत्या म्हणाली आणि गेली.

सातशे टायरवरून उठलेच. "आम्ही एवढं विचारलं तर तोंडाला कुलूप! आणि तिला?"

"त्यांनी कामाचं विचारलं," ड्रायव्हर म्हणाला.

क्लचप्लेट येऊन बसवून झाली, ट्रक दुसऱ्या दिवशी निघणार होता. सकाळची वेळ होती. आधीच्या आठवड्यातल्या पावसाने डोंगर अजून ओला होता. आमच्या काउंटरवर एक वॉकीटॉकी असायची. वरच्या बागेत फोन नव्हता, म्हणून बाबांनी आत्याला तिचा जोड दिला होता. ती खरखरली.

"बाळ."

"बोल ताई."

"गडबड करू नकोस. गाडी उलटली. माझ्या पायावर आहे."

बाबांच्या हातातून कप पडला. "कुठे? कुठे आहेस?"

"वरच्या बांधावर. पाय दिसतोय, पण तो माझा वाटत नाहीये. गारठा फार आहे रे इथे. मला जरा…" मग ती थांबली. आत्या कधी वाक्य अर्धं सोडायची नाही. तिने सोडलं.

वरच्या बागेकडे जायचं तर मध्ये ओढा लागतो, आणि त्यावर जो लाकडी पूल आहे त्यावरून जीप जात नाही, एटीव्ही तेवढी जाते. पुढे सगळा चिखलाचा चढ. पायी गेलं तर फार वेळ मोडला असता, आणि गेल्यावर ती गाडी हातांनी उचलणार कोण? बाबा शेडमध्ये धावले. एकेका गाडीपाशी जाऊन उभे राहिले. एकीला कार्बोरेटर नाही, एकीची चाकं काढलेली, डॉक्टरांच्या गाडीचं इंजिन टेबलावर. मग ते रिकाम्या काचेकडे वळले, जिथे दरवर्षी चार-पाच नव्या गाड्या उभ्या असायच्या.

"मी मागवल्याच नाहीत," ते म्हणाले. कुणाला उद्देशून नाही. "नवीन येतेय म्हणून मी मागवल्याच नाहीत."

ताडपत्रीकडे त्यांनी पाहिलंही नाही. मला वाटतं, त्यांना ते सुचलं होतं. पण शब्द दिला होता, आणि शब्द दिलेल्या माणसाने मागायचं कसं?

मागावं लागलंच नाही. ड्रायव्हर ट्रकच्या चाकांपाशी वाकला होता, तो उठला, शेडमध्ये आला आणि खिशातल्या चाकूने ताडपत्रीच्या दोऱ्या कापायला लागला. सोडवत बसला नाही, कापल्या.

"अहो, तुमची नोकरी," बाबा म्हणाले.

"मागे बसा," ड्रायव्हर म्हणाला. "पेट्रोल आहे हिच्यात."

ताडपत्री खाली पडली. आतून निघाली एक काळी गाडी, ना नाव, ना रंगाचा पट्टा, ना नंबर. जिच्यासाठी आम्ही सगळे कासावीस झालो होतो ती समोर उभी होती आणि आम्हाला तिच्याकडे बघायला सवड नव्हती. ड्रायव्हरने बटण दाबलं. ती सुरू झाली आणि दोघं आवाराबाहेर पडले.

मी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी मला जीपमध्ये घेतलं. पुलापाशी जीप सोडून आम्ही चढायला लागलो. चिखलात चार टायरांच्या ताज्या खुणा होत्या, कुठेही न घसरलेल्या, न अडखळलेल्या. वरून इंजिनाचा आवाज येत होता, खोल आणि संथ. मला धाप लागली होती, तरी त्या आवाजाने धीर येत होता.

आम्ही पोहोचलो तेव्हा काळ्या गाडीच्या तोंडाशी असलेल्या विंचची, म्हणजे तारेच्या चरखीची, तार आत्याच्या गाडीला अडकवून ड्रायव्हर ती बोटाबोटाने वर उचलत होता. बाबा आत्याच्या खांद्याखाली हात घालून बसले होते. गाडी पुरेशी उचलली गेली तसं त्यांनी तिला मागे ओढलं. आत्या ओरडली नाही. बाबाच ओरडले.

डॉक्टर चिखलात गुडघे टेकून बसले. पाय बघितला आणि पांढरे पडले. "ताई, मी जनावरांचा डॉक्टर आहे."

"मग मला जनावर समजा," आत्या म्हणाली. "पण जरा लवकर समजा."

छाटणीच्या फांद्या आणि माझी ओढणी घेऊन त्यांनी पाय बांधला. आता खाली न्यायचं कसं? बागेतली फळं काढायची छोटी शिडी होती. ती मागच्या रॅकवर लांबीने बांधली, रॅकच्या मागे बाहेर निघेल अशी, वर पोती अंथरली, आणि आत्याला तिच्यावर बसवलं. पाय शिडीवर लांब, पाठ ड्रायव्हरच्या पाठीला टेकलेली. शिडीचं मागचं टोक बाबांनी धरलं. आम्ही दोघं दोन्ही बाजूंनी. एखादी पालखी निघावी तसे आम्ही उतरलो. ड्रायव्हरने सर्वांत खालचा गिअर टाकला होता आणि अंगठ्याने इतका हलका थ्रॉटल देत होता की गाडी चालतेय की विचार करतेय ते कळत नव्हतं.

अर्ध्या वाटेत आत्याने डोळे उघडले. "किती सीसी आहे हो ही?"

ड्रायव्हर मान न वळवता म्हणाला, "तुम्हाला कशाला पाहिजे?"

"मला नको. बाळ विचारायचा राहिलाय."

बाबा हसले आणि त्यातच रडायला लागले. टोक मात्र सोडलं नाही.

पुलापलीकडे आत्याला जीपमध्ये घातलं. डॉक्टर गाडी चालवायला, बाबा तिच्याजवळ, आणि ड्रायव्हरही काही न विचारता चढून बसला. काळी गाडी दुकानापर्यंत मी आणली. आवारात ती कशीबशी उभी केली आणि मी पायरीवर बसून राहिले.

तेवढ्यात सातशे आले. त्यांना वाटेत कळलं होतं. ते आवाराच्या दारात थबकले. समोर गाडी उघडी, चिखलाने माखलेली, इंजिन अजून गरम. तिच्याजवळ कुणीही नाही. इतकी वर्षं ज्या एका गोष्टीसाठी त्या माणसाने टायरांवर बसून हिवाळे काढले, ती चार पावलांवर होती. सातशेंनी तोंड फिरवलं. शेडमध्ये जाऊन ताडपत्री आणली आणि आंधळ्याने चाचपावं तशी, मान दुसरीकडे करून, गाडीवर पांघरली. मग माझ्या शेजारी येऊन बसले.

"पाय वाचेल ना ग?"

"माहीत नाही."

"वाचेल," ते म्हणाले, आणि त्यांचं हे तरी खरं ठरो असं मला मनापासून वाटलं.

पाय वाचला. हाडात सळई घालावी लागली आणि आत्या पुढे कायमची थोडी लंगडत चालली, पण चालली.

दुसऱ्या दिवशी, ट्रक निघायच्या आधी गाडी तपासायला, कंपनीची इंजिनिअर बाई आली. तरुण, कडक, केस घट्ट बांधलेले. आम्ही गाडी धुऊन लख्ख केली होती. बाबा काहीतरी सारवासारव करायच्या बेतात होते, पण ड्रायव्हरने त्यांना बोलूच दिलं नाही.

"बाई, गाडी मी बाहेर काढली. दोऱ्या मीच कापल्या. यांनी मागितली नव्हती."

तिने सगळं ऐकून घेतलं. "तुम्ही केलं ते चूक आहे असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "पण मला वर कळवावं लागेल, आणि वरची माणसं तुमच्या त्या ओढ्यावर आलेली नाहीत."

जाण्यापूर्वी ती दवाखान्यात आत्याला भेटायला गेली. आत्याने बिछान्यातून तिला सुनावलं म्हणे, की खालच्या गिअरमध्ये थ्रॉटल जरा हिसका देतो आणि रॅकच्या कडा कापतात, त्या गोल करा. तिने ते वर कळवलं की नाही, देव जाणे.

ड्रायव्हरचं काम गेलं. महिनाभराने तो बसमधून उतरला, हातात एक पिशवी. "इकडून चाललो होतो," म्हणाला. आमचं गाव वाटेत लागत नाही, घाट चढून मुद्दाम यावं लागतं. बाबांनी शेडची किल्ली त्याच्या हातात दिली. सकाळी तो आमच्याकडे काम करायचा आणि दुपारनंतर आत्याच्या बागेत. तिची छाटणी राहिली होती. ती अंगणात खुर्ची टाकून बसायची आणि कुठली फांदी ठेवायची, कुठली काढायची ते काठीने दाखवायची.

त्या हिवाळ्याच्या शेवटी बैठकीचा विषय पहिल्यांदाच बदलला. डॉक्टर म्हणायचे, काही नाही, माणूस उपकाराला जागतोय. बाबा तर हा विषय निघाला की उठून शेगडीत लाकडं घालायचे. सातशे एकटेच ठाम. "लग्न होणार. याच वर्षी."

एक दिवस आत्या काठी टेकत दुकानात आली. "बाळ, मी लग्न करतेय."

बाबा गाडीखाली आडवे झाले होते. टणकन आवाज आला, डोकं आपटल्याचा. "कुणाशी?" ते खालूनच म्हणाले.

"आता एवढंही तुझ्या लक्षात आलं नसेल तर तू इंजिनं कसली ओळखतोस?"

सातशेंनी दोन्ही हात वर केले. पायाचं सोडलं तर त्यांचं आयुष्यातलं खरं ठरलेलं एकमेव भाकीत, आणि त्यात सीसी नव्हते.

अशा रीतीने तो ड्रायव्हर माझा आतोबा झाला. काळी गाडी त्याच उन्हाळ्यात बाजारात आली, लाल आणि हिरव्या रंगात. इंजिन निघालं साडेपाचशेचं. बैठकीतल्या एकाचाही आकडा बरोबर नव्हता. बाबांनी पहिली गाडी वरच्या बागेत पोहोचवली, आणि आत्याने रॅकवर क्रेट ठेवून पाहिला, मान हलवली, एवढंच. आतोबांनी त्या गाडीवर पुढे सतरा-अठरा हंगाम काढले. संध्याकाळी ती दोघं बागेतून उतरायची ती शेजारी शेजारी नव्हे, तर एक पुढे तोंड करून आणि एक मागे पाय सोडून. आत्या म्हणायची, आता तिला उतार असाच बघायची सवय झालीय.

ती बैठक हळूहळू मोडली. डॉक्टरांची बदली झाली. सातशे एका पावसाळ्यात गेले, गाडी न घेताच. हल्ली नवीन मॉडेलचे फोटो ते निघायच्या आधीच गिऱ्हाइकांच्या मोबाईलवर असतात. लोक येतात, आकडे मलाच सांगतात, भाव विचारतात आणि जातात. शेगडी मी काढून टाकली, टायर रचायला कारण उरलं नाही.

शेवटची दोन वर्षं बाबा घरातच होते. गुडघे गेले होते, डोळ्यांना धूसर दिसायचं. दुकान बंद करून मी आले की पहिला प्रश्न ठरलेला: "यंदा काय येतंय?" खरं सांगायचं तर सांगण्यासारखं काही नसायचं. जे येणार ते सगळ्या जगाला ठाऊक असायचं, त्यात तर्क लढवायला जागाच नव्हती. म्हणून मी थापा मारायला लागले.

"बाबा, नऊशे येतेय म्हणे."

ते उशीवरून अर्धे उठायचे. "नऊशे? डोंगर चढायचाय की डोंगर उचलायचाय? कोण म्हणालं?"

"बंदरावर एकाने खोकी पाहिली. कुणाच्या तरी मेहुण्याचा साडू."

बाबा माझ्या दिशेने बघत राहायचे. मी थापा मारतेय हे त्यांना कळायचं, आणि त्यांना कळतंय हे मला. आत्या कोपऱ्यात बसून वाटाणे सोलत असायची, ती मान वर करायची नाही.

"खोकी लांब होती की आखूड?" ते विचारायचे.

"लांब."

"मग जोड सिलिंडर." ते पुन्हा टेकून बसायचे, पांघरूण नीट करायचे. "बस इथे. जाऊ नकोस. मला सांग, टायर किती रुंद असतील?"